लोबान आला की उठायचं

त्याची गाडी आली ती थेट आमच्या तारल्यांवर.

समुद्रकाठच्या आमच्या हासिक गावी, वाळूत मी आणि सलूम आत्या सकाळपासून मासळी वाळत घालत होतो. आत्या वाकून गुणगुणत होती –

"पसर गं तारली, उन्हाची लेक झाली,
उंटाच्या वाटेवर चांदणी सांडली..."

आणि त्या सांडलेल्या चांदणीवरून चार चाकं करकरत गेली.

"थांबा! उंटांचं जेवण आहे ते!" मी ओरडत धावले.

धुळीनं माखलेला एक तरुण खाली उतरला. त्याची नक्षीची टोपी तिरकी झाली होती. त्यानं वाकून चाकाखाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वाटलं, वाळूच चमकतेय."

"वाळूला डोळे असतात? यांना आहेत बघा. हजार डोळे, सगळे तुमच्याकडेच बघतायत."

"हजारांचं काही नाही," तो हळूच म्हणाला, "पण दोन जरा जास्तच रागावलेत..."

आत्याला एकदम खोकला आला. तिला हसू आवरेना की असाच खोकला येतो.

त्याचं नाव खलफान. डोंगरापलीकडच्या निझव्याचा. समुद्राचं पाणी गोडं करणारं आमचं यंत्र बंद पडलं होतं, ते दुरुस्त करायला आलेला. दुरुस्त झालं की परत जाणार.

संध्याकाळी तो माफी मागायला घरी आला, हातात डाळिंबांची परडी. बाबांनी बसवून घेतलं. कहवा झाला, खजूर झाला. मी निखाऱ्यांवर लोबानाचे खडे टाकले आणि धुपाटणं बैठकीत नेलं. त्यानं धूर उपरण्यात घेतला, डोळे मिटून खोल श्वास घेतला... आणि पुन्हा निवांत मांडी घातली!

बाबा खाकरले. मग त्यांनी जांभई दिली, चांगली मोठी. पाहुणा आपला डाळिंबाच्या झाडांबद्दल बोलतोच आहे. स्वयंपाकघरात आत्यानं पदर तोंडात कोंबला होता.

यंत्राचं आवार आमच्या वाळवणाला लागूनच, मधे फक्त तारेचं कुंपण. दुसऱ्या दिवशी मी त्याला तिथेच गाठलं.

"तुम्हाला घरी कुणी काही शिकवलं नाही? लोबान आला की उठायचं असतं. पाहुण्याला तो निरोप असतो."

"असं होय!" त्यानं डोळे मोठे केले. "मी नवखा माणूस. मला सांगणार कोण?"

मग काय, मीच सांगायला लागले. रोज कुंपणाशी एखादी तरी गोष्ट. पेट्रोल मागच्या गावातच भरून घ्यायचं, इथला पंप त्याच्या मनात येईल तेव्हा उघडतो. गाडीच्या काचा लावायच्या, नाहीतर तारलीचा वास वर्षभर सोबत राहतो. समुद्र शांत दिसला म्हणून पाय घालायचा नाही, आधी एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारायचं. अंधारात गाडी हळू – काळा उंट दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो रागावलेला असतो. आणि बायकांचे फोटो काढायचे नाहीत.

"नुसतं बघितलं तर?"

"तर... तर वायरी चुकीच्या जोडल्या जातात. जा, कामाला लागा."

तो हसत गेला. माझ्या हातातली तारली मात्र बराच वेळ हातातच राहिली.

बाबांच्या बैठकीत तो वरचेवर यायचा. दर वेळी लोबान यायचा, दर वेळी तो उठायला विसरायचा. "शिकवून शिकवून थकले मी," मी आत्याला म्हणायचे. आणि कधीपासून ते माझं मलाच कळलं नाही – पण मी निखाऱ्यांवर फुंकर हळू घालायला लागले होते.

मग एक दिवस गल्लीतला नळ खोकला, थुंकला, आणि त्यातून गोडं पाणी आलं. बायकांनी जिभा नाचवत आनंदाची आरोळी ठोकली. मीही ओंजळभर प्यायले. मला ते खारटच लागलं.

तो कुंपणाशी आला. हातात काहीच अवजार नव्हतं.

"उद्या निघतो."

"पेट्रोल बघून निघा."

"तुफूल..." पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. "शेवटचं एक सांगा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा यायचं असेल तर?"

वाऱ्यानं तार वाजत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले.

"तर... एकट्यानं येऊ नये. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन यावं. बाबांकडे."

"आणि लोबान लवकर आला तर?"

"तर मात्र उठावं लागेल. तो नकार असतो."

तो आला. सोबत पांढऱ्या दाढीचे त्याचे मामा. मी पडद्याआड, समोर धुपाटणं, त्यात लाल निखारे. कहवा झाला, मागणी झाली. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मुलगा चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ही आईविना वाढलेली माझी एकुलती लेक. हा समुद्र तिच्या उशाला असतो. निझव्याला नेलीत तर ती झोपेल कशी?" आणि मग, अगदी हळू – "तुफूल, लोबान आण."

मी लोबानाचा खडा उचलला.

"उठ बेटा," मामांचा आवाज आला. मग जरा चिडून, "अरे उठ ना! घरी लोबानाचा वास आला की सगळ्यांत आधी चपला घालणारा तू. इथे काय पाय रोवून बसलास?"

घरी? म्हणजे त्यांच्याकडेही...?

म्हणजे त्याला ठाऊक होतं! पहिल्या संध्याकाळपासून! आणि कुंपणाशी उभा राहून, डोळे मोठे करून – असं होय!

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. शेजारी कहव्याची किटली होती. मी ती उचलली आणि सगळी निखाऱ्यांवर ओतली. चर्रर्र...

"तुफूल?"

"बाबा... कोळसा पेटत नाहीये."

ओल्या राखेचा आणि कहव्याचा वास पडद्याखालून बैठकीत शिरला असणारच.

"थोड्या वेळानं पेटेल?"

"नाही, बाबा. आज नाही पेटायचा."

बाहेर एक लाट फुटली. मग दुसरी. मग खलफान बोलला. "समुद्र कुठे न्यायचाय, काका? यंत्राला इथं कायमचा माणूस हवाय. मी हो म्हणून आलोय. तारल्या चुकवत गाडी चालवायला जरा वेळ लागेल, एवढंच."

बाबांना खोकला आला. अगदी आत्यासारखा.

"बसा, मामा, बसा," ते म्हणाले. "कोळसाच ओला म्हटल्यावर जाणार कसे तुम्ही? तुफूल, निदान कहवा तरी उरलाय का?"

मी रिकाम्या किटलीत पाहिलं.

"नाही उरला, बाबा. नवा करते... पण वेळ लागेल."

"लागू दे," पडद्यापलीकडून उत्तर आलं. आवाज बाबांचा नव्हता.