बिनसणाची सुट्टी

रोह्याजवळच्या धाटावातल्या एका कंपनीत ‘सर्वांचे सण, सर्वांचा आनंद’ असा फलक लागला आणि त्याखाली सगळे जेवायला बसले, तेव्हा रमजान निम्म्याहून जास्त सरला होता. बिर्याणी होती, पुरणपोळी होती, कुणीतरी हौसेनं केकसुद्धा आणला होता. फक्त तारीख बघायची तेवढी राहून गेली होती! हा घाट घालणारे एचआरचे दिनानाथ साहेब मनानं भला माणूस, सगळ्यांना धरून चालायचा त्यांना भारी सोस. पण ज्यांच्या नावानं बिर्याणी शिजली तेच उपाशी बसलेत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

माहिरा तयार मालाच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. पहाटे सहेरीला उठायचं, रोह्याहून बस पकडायची, उभ्या उभ्या सॅम्पल तपासायची... नुसती दमून गेली होती ती. जेवणाला येत नाही म्हणून सांगायला आणि मग त्याचं कारण समजवायलाही अंगात त्राण नव्हतं. म्हणून कोपऱ्यातल्या टेबलाशी रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसली. डोळे मिटणार, तेवढ्यात तिला दिसलं... समोरच्याचं ताटही रिकामंच.

“तुमचाही रोजा?” तिनं चकित होऊन विचारलं.

“नाय, संकष्टी.” तो हसला. “मी आदर्श. पेणचा. कच्च्या मालाच्या लॅबला असतो, दुसऱ्या शिफ्टला.”

“म्हणजे चंद्र उगवेपर्यंत...?”

“व्हय. तुमचं बरं हाय, सूर्य बुडाला की सुटलात.”

“बरं कसलं! तुम्ही महिन्यातून एकदा. मी महिनाभर!”

कँटीनवाल्यानं चहा आणून ठेवला. आदर्शनं कप उचलला, तिच्याकडं पाहिलं आणि तसाच खाली ठेवला.

“घ्या की. उपासाला चहा चालतो ना?”

“चालतो... पण एकट्याला जात नाय.”

चहावर साय धरली. दोघं त्या सायीकडं बघत बसले, आणि किती दिवसांनी माहिराला आपण दमलोय याचा विसर पडला.

मग ईद आली. कंपनीच्या सुट्ट्या जानेवारीतच छापून येतात, पण चंद्र काही छापील तारखेला बांधलेला नसतो. आदल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला गच्चीवर माना वर करून थकला तरी तो दिसला नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी रोजा आणि ईदच्या दिवशी ड्युटी! माहिरानं लॅबच्या ग्रुपवर विचारलं, कुणी माझी शिफ्ट घेईल का? अंगठे आले, फुलं आली, ‘ॲडव्हान्समध्ये ईद मुबारक’ आलं. शिफ्ट घेणारा मात्र कुणी येईना. बऱ्याच वेळानं एक ओळ आली, “मी घेतो. आदर्श.”

तो सकाळपासून तिच्या जागी उभा राहिला आणि तीन वाजता आपल्या शिफ्टला गेला. दुसऱ्या दिवशी लॅबचा चार्ज द्यायला आला तेव्हा डोळे तांबारले होते. तिनं शीरखुर्म्याचा डबा पुढं केला.

“रिकामा परत नाय करणार हां,” तो म्हणाला, “आमच्याकडं तसं देत नायत.”

“आमच्याकडंही नाहीत.”

झालं. तेव्हापासून तो स्टीलचा डबा दोन लॅबच्या मधल्या आवारातून ये-जा करू लागला. बकरी ईदला आदर्श तिच्या जागी उभा राहिला. गणपतीत ती त्याच्या जागी. पेणला त्याच्या घरचा मूर्तींचा कारखाना, डोळ्यांची आखणी त्याच्याकडं. आधीचे आठवडे जागून जागून तो पार वाळून गेलेला. तिनं गणपतीतल्या त्याच्या सगळ्या शिफ्ट काढल्या, आणि डब्यातून मोदक आले. दिवाळीतही तसंच झालं.

प्रत्येक सणाला दोन भेटी पदरात पडायच्या. आदल्या दिवशी चार्ज घेताना आणि नंतर तो परत देताना. ऐन सणाला मात्र कधीच नाही! एक घरी असला की दुसरा त्याच्या जागेवर. एकमेकांसाठी इतकं राबले दोघं, की एकमेकांच्या समोर बसायला काही जमलं नाही.

दिवाळीनंतर चार्ज घेता घेता आदर्श थांबला. माहिराच्या हातातली सॅम्पलची बाटली त्यानं हळूच काढून घेतली.

“लय दमलीस गो तू.”

ती मान तिरकी करून म्हणाली, “गो काय, गो?”

“चुकून गेलं तोंडातून... माफ करा.”

“राहू दे,” ती बाटलीकडंच बघत म्हणाली. “बरं वाटलं.”

नव्या वर्षात दिनानाथ साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. त्या जेवणाचा घोळ त्यांना कुणीतरी सांगितला असावा, कारण या खेपेला ते पुरता विचार करून आले होते. प्रत्येकाला आपापल्या सणासाठी दोन जादा सुट्ट्या. चंद्र हलला तर सुट्टीही हलणार. आणि बदली माणसं नेमली, आता दमूनभागून कुणी कुणाची शिफ्ट करायची नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माहिरानंही टाळ्या वाजवल्या. हेच तर हवं होतं तिला, नोकरीला लागल्यापासून! मग आनंद का होत नव्हता? तिनं मागं वळून पाहिलं. आदर्शचे हात टाळीसाठी उचललेले... आणि तसेच राहिलेले.

त्या वर्षी ईदला रीतसर सुट्टी मिळाली. लॅबमध्ये कुणी अनोळखी मुलगा उभा होता. माहिरा सकाळी नटली, खाल्लं, आणि दुपारी खिडकीशी बसून राहिली.

“गो, ईदीच्या दिवशी असा तोंड कशाला?” अम्मीनं विचारलं.

“दमलेय.”

“सुट्टीत कसली दमलीस?”

काय सांगणार? आपलं प्रेम आहे त्याच्यावर, हे तिला तिथं, त्या खिडकीशी लख्ख कळलं. आणि आता त्याला भेटायला काही निमित्तच उरलं नव्हतं. डबाही त्याच्याकडंच राहिला होता.

दोन-तीन दिवसांनी तो आवार ओलांडून आला. हातात डबा, डब्यात पेणचे पोह्याचे पापड.

“हा राहिलेला.”

“हं.”

“माझी एक सुट्टी शिल्लक हाय,” तो भिंतीकडं बघत म्हणाला. “बुधवारी घेतोय. साहेब म्हणाले, बुधवारी कसला सण? मी म्हटलं, कसलाच नाय... म्हणूनच.”

“आणि करणार काय?”

“वडखळला चहा बरा मिळतो, म्हणतात.”

एवढं बोलून तो गेलाही. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं, कान तेवढे लाल झाले होते.

माहिरा तडक दिनानाथ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“बुधवारी?” साहेबांनी कॅलेंडर उलटंसुलटं केलं. “असं काय आहे बाई या बुधवारी? तो आदर्शही...” ते मधेच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “घ्या. सगळ्यांचे सण म्हटलं होतं ना मी!”

रोह्याहून एसटीनं ती वडखळला उतरली. नाक्यावर धूळ, ट्रकचे भोंगे, अलिबागच्या वळणाला गाड्यांची ही गर्दी. रस्त्याकडेच्या टपरीच्या बाकावर आदर्श आधीच येऊन बसला होता. ती बसली, डबा मधे ठेवला. दोन चहा आले.

“आज चालतो ना तुला?” त्यानं विचारलं.

“आज दोघांनाही चालतो.”

पहिला घोट दोघांनी एकदमच घेतला. मग तो ग्लासातच बघत म्हणाला, “माहिरा... मला तू पायजेस. सणाला, बिनसणाला... कधीपण.”

“मलाही तूच,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली, आणि पुढचं विचारल्याशिवाय तिला राहवेना. “पण घरी? तुझ्या, माझ्या... काय सांगायचं, आदर्श?”

एक ट्रक गेला, दुसरा गेला. पुढं काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही ठाऊक होतं. अम्मीचं रडणं, त्याच्या वडिलांचा अबोला, शेजारपाजाऱ्यांची तोंडं.

“सांगू. लय बोलावं लागंल, लय ऐकावं लागंल. मी हाय ना तुझ्यासंगती.” त्यानं तिच्याकडं पाहिलं. “पण आज नको गो. आज सुट्टी हाय.”

वर्षभराचा शीण एकदम अंगातून उतरावा तसं तिला झालं. तिनं मधला डबा उचलून पलीकडं ठेवला, त्याच्याजवळ सरकली, आणि टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.