दिवे मालवलेली रँब्लर

"ते नका घेऊ. ते केसातल्या आकड्यानंसुद्धा उघडतं."

जानेल कुबिचेकनं हातातलं कुलूप खाली न ठेवताच मान वळवली. मागे एक उंच माणूस उभा होता. कानशिलांवर पांढरे झालेले केस, कोपर झिजलेलं कॉर्डरॉयचं जाकीट, आणि डोळ्यांत असं हसू, की ते तुमच्याकडे पाहून आहे की तुमच्यावर, हे कळू नये.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"उघडलंय म्हणून."

कुलूप विकत घ्यायला आलेल्या बाईला असं सांगणारा माणूस एक तर भाबडा असतो, नाही तर फार पोचलेला. जानेल मिनिआपोलिसला एका विमा कंपनीत होती. खोटे दावे शोधून काढणं हेच तिचं काम. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिला भाबडी माणसं फारशी भेटली नव्हती.

"लायल, माझं गिऱ्हाईक पळवू नकोस," गल्ल्यावरून अर्लीनबाई ओरडल्या. दुकान त्यांचं, आणि जानेलच्या वडिलांच्या शेजारचं घरही त्यांचंच.

"पळवत कुठं आहे? महागातलं घ्यायला सांगतोय." त्यानं वरच्या फळीवरचं पितळी कुलूप काढून तिच्यापुढे धरलं. "हे घ्या. गॅरेजच्या दाराला हेच बसेल."

जानेलनं कुलूप घेतलं. मग हळूच विचारलं, "गॅरेजसाठी हवंय, असं मी कुठं म्हटलं?"

त्याचं हसू क्षणभर अडखळलं... "अंदाज," तो म्हणाला, आणि हातातला रंगाचा डबा उचलून जरा घाईनंच बाहेर पडला. दारावरची घंटा वाजली. काचेतून जानेलला रस्त्यापलीकडची गाडी दिसली. मटारच्या रंगाची जुनी रँब्लर. तो तिच्यातच बसला.

तीच गाडी.

बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. घर आवरायला म्हणून जानेल ओसेकला, आपल्या लहानपणच्या गावी, थांबली होती, आणि दोन्ही शुक्रवारी, दिवेलागणीच्या वेळी, तीच गाडी घरासमोर आली होती. कोपऱ्यावर दिवे मालवायचे, इंजिन अगदी हळू करायचं, आणि अंधारात सरपटत जाणाऱ्या मांजरासारखं फाटकासमोरून सरकायचं. क्षणभर थांबायचं. मग निघून जायचं. बाबा गावचे मार्शल, म्हणजे एकुलते एक पोलीस होते; गॅरेजमध्ये त्यांची जुनी गस्तीची प्लिमथ गाडी होती. गावानं निवृत्त केली तेव्हा त्यांनीच ती घेतली होती. असल्या गाड्यांवर हल्ली लोक टपून असतात. 'मार्शलची गाडी विकणार का?' असे दोन फोन येऊनही गेले होते.

"कोण होता हो तो?" तिनं अर्लीनबाईंना विचारलं.

"लायल पेशेक. दुधाच्या डेअरीवाल्या पेशेकचा मुलगा. तुझ्याहून दोन वर्षं पुढे होता. विसरलीस? तुझ्या बाबांनी त्याच्याइतक्या दंडाच्या पावत्या दुसऱ्या कुणाच्या फाडल्या नसतील!" आणि मग, कुलूप पिशवीत घालताना, उगाचच, "एकटाच असतो बिचारा."

"मी विचारलं नाही," जानेल म्हणाली.

"मी तरी कुठं म्हटलं विचारलंस म्हणून."

*

शुक्रवारी तिनं नवं कुलूप लावलं आणि ओसरीवर बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. मक्याची कापणी चालू होती. हवेत भुशाची कोरडी, गोडसर धूळ होती आणि गावाबाहेर धान्य सुकवणारे पंखे एकसुरी घुमत होते. गुडघ्यांवर घोंगडी घेऊन ती वाट पाहत होती. कुणाची, ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला स्वतःचा राग येत होता. चोराची वाट पाहणाऱ्या बाईनं केस विंचरायची काय गरज होती?

कोपऱ्यावर दिवे मालवले गेले.

ती उठली, पायऱ्या उतरली आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रँब्लर तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. जानेल ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"लायसन्स."

आवाज बाबांचा निघाला. तिला स्वतःलाच ऐकू आलं ते. लायलनं मुकाट्यानं पाकीट काढून लायसन्स तिच्या हातात दिलं.

"हुबेहूब," तो म्हणाला. "फक्त मिशी नाही."

"दिवे का मालवले?"

"इथं मालवतातच."

"कोण?"

"सगळे. म्हणजे... तेव्हा सगळे मालवायचे. मार्शलचं घर आलं की दिवे बंद, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर. नंबर दिसायला नको."

हे तिला माहीत होतं. माहीत असूनही एवढ्या वर्षांत पार पुसलं गेलं होतं. शुक्रवार-शनिवारी अख्ख्या गावाची पोरं गाड्या घेऊन मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारायची. धान्याच्या कोठारांपासून हायवेवरच्या फ्रॉस्टी या आइसक्रीमच्या दुकानापर्यंत आणि परत, पेट्रोल संपेपर्यंत. या आळीत आली की मात्र सगळ्या गाड्या आंधळ्या व्हायच्या. बाबा जेवणाच्या टेबलावरून नजरही वर न करता सांगायचे, 'हा फोर्ड, बुरेशचा. हा पेशेक, सायलेन्सर फुटलाय.' शहरात राहून जानेलला दिवे मालवून येणाऱ्या गाडीचा एकच अर्थ कळायला लागला होता.

"ते तेव्हा," ती म्हणाली. "आता इथं मार्शल नाहीत."

"हो." त्यानं स्टीअरिंगवरून अंगठा फिरवला. "पहिल्या शुक्रवारी सवयीनंच आलो. फाटकापाशी थांबलो, आणि मग लक्षात आलं की... कुणी बाहेर येणार नाहीये."

"कोण बाहेर यायचं?"

"तुमचे बाबा."

समोरचा माणूस बोलायला लागला की मध्ये तोंड घालायचं नाही, हे जानेलला धंद्यानं शिकवलं होतं.

"डोळे अधू झाल्यावर त्यांचं लायसन्स काढून घेतलं ना, तेव्हापासून. मी एकदा सहज म्हटलं, मार्शल, चला, एक फेरी मारून येऊ. शिव्या घातल्या. पुढच्या शुक्रवारी बघतो तर टोपी घालून फाटकात उभे! मी दिवे मालवून यायचो, ते हळूच आत शिरायचे. सीटवर खाली सरकून बसायचे, कुणाला दिसू नये म्हणून. 'आयुष्यभर पोरांना हाकललं, पेशेक, आता मीच फेऱ्या मारतोय हे कळलं तर गाव हसेल.' मला शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"म्हणून अंत्यविधीलाही नाही सांगितलंत?"

"शेवटच्या बाकावर होतो. तुम्ही पाहिलं नाहीत."

"शुक्रवारी ते माझा फोन घेत नसत," जानेल म्हणाली. ते ती सहज बोलून गेली खरी, पण दोन वर्षं तो प्रश्न तिच्या पोटात होता. रागावलेत का? कुणी बाई आहे का? मी नकोशी झाले का?

लायलनं तिच्याकडे पाहिलं. "फोन वाजायचा. फाटकापर्यंत ऐकू यायचा. मी म्हणायचो, घ्या ना, मी थांबतो. ते म्हणायचे, रविवारी करीन."

हे लागलं. लागलं, पण त्याच क्षणी तिच्यातल्या तपासनिसानं कान टवकारले. खोटं बोलणारा माणूस समोरच्याला गोड लागेल ते बोलतो. 'तुमची फार आठवण काढायचे,' असं म्हणून मोकळा होतो. या माणसानं ते म्हटलं नव्हतं.

तरीही...

"तू खोटं बोलतोयस," ती म्हणाली. तिला ते खोटंच असायला हवं होतं. "मला त्यांनी एकाही गाडीत बसू दिलं नाही. सगळ्या वर्गातली एकटी मी. सतरा वर्षांची होईपर्यंत! आणि म्हातारपणी स्वतः—"

"रँब्लरमध्ये तर कुठल्याच बापानं बसू दिलं नसतं," लायल म्हणाला. या गाड्यांची पुढची सीट मागे पाडली की थेट मागच्या सीटला मिळून पलंग व्हायचा. ओसेकच्या आयांना त्या नुसत्या नावानंच कापरं भरायचं. "पण मला 'तू' म्हणालीस, हे बरं झालं."

"चुकून."

"चुकून का होईना."

तिनं लायसन्स परत दिलं. मग गाडीला वळसा घालून दुसरं दार उघडलं.

"कुठं?" तो गोंधळला.

"पुरावा बघायला. त्यांना नेत होतास तसं ने. तीच वाट, तोच वेग. काही गाळायचं नाही, काही वाढवायचं नाही."

"सीट मागे पडते, आधीच सांगून ठेवतो. खटका बिघडलाय."

"लायल पेशेक, मी अजून इथल्या पोलिसांना फोन करू शकते."

"इथला पोलीस माझाच भाचा आहे," लायल म्हणाला आणि दिवे लावले.

*

मुख्य रस्ता रिकामा होता. निम्म्या दुकानांच्या काचांना आतून कागद चिकटवलेले. एकुलता एक सिग्नल कुणासाठी नाही तर स्वतःसाठीच लाल-हिरवा होत होता.

"इथं हळू करायचो," लायल म्हणाला. "ते म्हणायचे, ही बघ तुझी पहिली पावती." बाहेर टायरचं दुकान होतं. "तेव्हा इथं स्केटिंगचा हॉल होता. मी दारापर्यंत गाडी उलटी आणली होती."

"का?"

"सरळ येता येत नव्हती. गिअर अडकला होता."

ती हसणार होती. हसली नाही.

हायवेवर फ्रॉस्टी नव्हतं. गवतात नुसता सिमेंटचा चौथरा, आणि पाटी नसलेला एक खांब. लायलनं गाडी त्या चौथऱ्याभोवती नेमकी अशी फिरवली, जणू खिडकीत कुणी आइसक्रीम घेऊन उभं आहे. "इथं मात्र कधी बोलायचे नाहीत. टोपी काढायचे फक्त."

आई तिथं काम करायची. लग्नाआधी. हे लायलला कुणी सांगितलं असेल की नाही, जानेलनं विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर, पोस्टाजवळ, गाडीचा वेग अचानक कमी झाला. इतका, की चालणारं माणूस पुढे गेलं असतं. तिथं काहीच नव्हतं. मोटारी उभ्या करायची एक डांबरी जागा, दोन पांढऱ्या रेघा.

"इथं काय आहे?"

"मला ठाऊक नाही." लायल गोंधळल्यासारखा दिसला. "खरंच. इथं जुनं वाचनालय होतं, पाडलं ते. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचं जरा... मागचं-पुढचं एक व्हायला लागलं होतं. दर वेळी इथं आलो की माझ्या दंडावर हात ठेवायचे. म्हणायचे, 'हळू घे. पोरगी पायरीवर बसली असेल. तिच्याकडे बघू नकोस, लाजते ती.'"

जानेलनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

वाचनालयाच्या पायऱ्या सात वाजता रिकाम्या व्हायच्या. ती मांडीवर पुस्तक उघडून बसायची आणि पुस्तकाच्या वरून गाड्या पाहायची. कुठल्या गाडीत कोण, कोण कुणाच्या जवळ सरकलं, कुणाची खिडकी खाली. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. घरी सांगायची, अभ्यास करते. गस्तीची गाडी एकदाही तिथून गेलेली तिनं पाहिली नव्हती. म्हणजे बाबा दुसऱ्या आळीनं जात असणार... आणि तिथून बघत असणार.

लायलनं रुमाल पुढे केला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. फक्त गाडी पुढे नेली नाही. इंजिन चालू ठेवून, कुणीही नसलेल्या त्या रस्त्यावर, तो थांबून राहिला.

खिडकीबाहेरच पाहत ती म्हणाली, "मी बसायचे ते खरं आहे."

"मला माहितेय."

"आत्ता म्हणालास माहीत नाही!"

"ते तुझ्याबद्दलच बोलतात का, ते माहीत नव्हतं. तू बसायचीस ते माहीत होतं." तो समोर पाहत होता. कान लाल झाले होते, पन्नाशीच्या माणसाचे. "निळा स्वेटर. मी इथून मुद्दाम फुटक्या सायलेन्सरनं जायचो. म्हटलं, निदान आवाजानं तरी मान वर करशील."

"आणि विचारायला काय झालं होतं?"

"आलो होतो की. तुझ्या फाटकापर्यंत. दर वेळी पावती घेऊन परत."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. हसता हसता डोळे पुन्हा भरले, आणि तिनं ते पुसायचंही सोडून दिलं.

कोठारांपाशी रस्ता संपत होता. तिथं गाड्या वळायच्या. लायलनं गाडी थांबवली. वर, पत्र्याच्या उंच भिंतीवर, धान्य ओतल्याचा आवाज पावसासारखा येत होता.

"एक प्रश्न," जानेल म्हणाली. "खरं सांगायचं. पहिल्या शुक्रवारी सवयीनं आलास. दुसऱ्या?"

"दुसऱ्या शुक्रवारी ओसरीवर दिवा होता. तू खिडकीत होतीस. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी आलो नव्हतो, जानेल. आजही नाही."

"गाडीसाठी?"

"कुठल्या?"

"बाबांच्या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "त्या प्लिमथमध्ये मी मागच्या सीटवर जेवढा बसलोय ना, तेवढं पुरे आहे या जन्माला. गॅरेजचं कुलूप मोडलंय, हे मार्शलच सांगायचे."

ती त्याचा चेहरा वाचत होती. डोळे, ओठांचे कोपरे, हात. जसं रोज कचेरीत वाचायची तसं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून जे वाटलं, त्याची तिला सवय नव्हती.

"सोमवारी घर बघायला माणूस येतोय," ती म्हणाली. "विकायचं म्हणून."

"कळलं मला. अर्लीन म्हणाली."

"त्याला येऊ नको म्हणून सांगणार आहे. तुझ्यासाठी नाही. अजून तरी नाही. माझा माणसांवर पटकन विश्वास बसत नाही, लायल. वेळ लागतो. काही वेळा बसतच नाही."

"बरं."

"नुसतं बरं?"

"मग काय म्हणू? टाकी भरलेली आहे."

ती सीटवर सरकली. फार नाही. पण सरकली हे दोघांनाही कळलं. समोर रिकामा रस्ता होता, टोकापर्यंत.

"वळव," जानेल म्हणाली.