नोल्फाने निवडलेली मशीन

नोल्फा ओयार्सोने दुकानाच्या मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं, करा सुरू."

दुकानदार डोन बेलार्मिनोने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. रोसामेलने खांदे उडवले. चोंची गावच्या त्या चढावर तीस वर्षं चेनसॉ विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकं काही कमी भेटली नव्हती. कुणी वजन बघतं, कुणी पात्याची लांबी, कुणी एका टाकीत किती वेळ चालते ते विचारतं. पण मशीनकडे पाठ करून उभी राहणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"बाई, लाकडं कापायला मशीन घेताय की चर्चमध्ये गायला?"

"तुम्ही दोरी ओढा हो. गाण्याचं मी बघते."

त्याने पहिली सुरू केली. नोल्फाने मान हलवली. असल्या सहा तरी त्यांच्या डोंगरावर होत्या. दुसरी तशीच, जरा घोगरी. तिसरी मात्र रेस सोडताना खाली येता येता थरथरली, किटली उकळायच्या आधी झाकण थरथरतं तशी, आणि मग थांबली. नोल्फाने ती पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदाही. मग वळून म्हणाली, "ही."

"ही जड आहे," रोसामेल कुरकुरला. "दिवसभर उचलायची मला आहे. तू काय, खिडकीत बसणार."

"म्हणूनच."

नात्री तळ्याच्या त्या काठाला माणूस डोंगरावर एकटा जातो आणि घरची बाई खिडकी उघडी ठेवून कामाला लागते. मशीन चालू आहे तोवर नवरा धडधाकट आहे. ती थांबली तर बाई चुलीवर किटली ठेवते. तेल भरायला, विडी ओढायला तेवढा वेळ पुरे. एक किटली माते, तिकडचा कडू पानांचा चहा, पिऊन संपला आणि वरून अजून आवाज नाही, तर ती अंगणात येऊन पातेल्यावर झाकण आपटते, आणि ऐकेल तो पुरुष हातातलं टाकून डोंगर चढतो. असे चार जण तिथे आजही चालते-फिरते आहेत.

पाचवा रोसामेलचा थोरला भाऊ औदिलियो. दोन हिवाळ्यांपूर्वी तो कोइगुएच्या झाडाखाली चिरडला आणि सबंध दिवस तसाच पडून राहिला. त्याची बायको एर्सिरा खाली बटाटे सोलत होती, कारण वर मशीन चालू होती. लोक म्हणाले, ती शेजारच्या सोफानोरची मशीन. दोघांची एकाच जातीची, एकाच दुकानातली, बिचारीला फरक कळला नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. नोल्फाने त्याच दिवशी ठरवलं होतं की आपल्या घरी मशीन येईल ती शंभरांत ओळखू येईल अशीच.

"असली दुसरी नाही ना आणलीत?" पैसे देताना तिने विचारलं.

"एकच आली होती," बेलार्मिनो म्हणाला. "आणि तुमच्यासारखं गिऱ्हाईकही एकच."

पहिले चार दिवस तिचा जीव हलका झाला. चंद्र उतरणीला लागला होता आणि वद्य पक्षातलंच लाकूड तोडायचं हा तिथला नेम. चढत्या चंद्राचं लाकूड पाणी धरतं, चुलीत नुसतं रडतं. त्यामुळे रोसामेल पहाटेच निघायचा. नोल्फा कोंबड्यांना दाणे टाकायची, बटाट्याचे मिल्काओ थापायची, आणि वरून तो थरथरता आवाज यायचा. इतका स्पष्ट, की तो बारीक फांदी कापतोय की बुंधा हेही तिला कळायचं.

पाचव्या दिवशी ती भाकरीचं पीठ मळत असताना दार उघडलं आणि रोसामेल आत आला. खांद्यावर मशीन, बुटांना चिखल.

"इतक्यात?"

"पाऊस येतोय. अर्धा तास झाला निघून."

नोल्फाचे हात पिठातच राहिले. "अर्धा तास कसा होईल? आत्ता कापत होतास तू. मी ऐकलं."

"डोंगर आवाज धरून ठेवतो गं," तो बूट काढत म्हणाला. "दमट हवेत असंच होतं."

तिने मशीनला हात लावला. पातं गार होतं. दमट हवेचं तिलाही माहीत होतं, आणि तिने ते मान्य करून टाकलं.

रविवारी मात्र मान्य करायला काही उरलं नाही. मशीन पडवीत खुंटीला टांगलेली होती, रोसामेल समोर बसून नळीने मातेचा पेला चोखत होता, आणि एर्सिरा जेवायला आली होती. पाऊस थांबला. वर, झऱ्याच्या अंगाला, मशीन सुरू झाली. चढली, लाकडात शिरली, आणि उतरताना थरथरली.

रोसामेलने पेला खाली ठेवला.

"कुणीतरी घेतली असेल तसलीच."

"बेलार्मिनो म्हणाला एकच आली."

"दुकानदार काय, काहीही म्हणेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. सोफानोरला विचारतो उद्या." तो उठला आणि पडवीत जाऊन आला. मशीन तिथेच होती, हे त्याने सांगितलं नाही. तो नजर चुकवून बसला त्यावरून नोल्फाला कळलं.

तो गुरं बघायला गेल्यावर एर्सिरा भांडी विसळता विसळता म्हणाली, "नोल्फा, माझी चूक झाली नव्हती."

"कसली, ताई?"

"त्या दिवशी. सोफानोर डोंगरावर नव्हताच. कास्त्रोला दात काढायला गेला होता. संध्याकाळी गाल सुजवून आला, मी या डोळ्यांनी पाहिलं." तिने ताट पुसून ठेवलं. "औदिलियोचीच मशीन होती ती. त्याचीच. आणि त्याचा जीव तर सकाळीच गेला होता, डॉक्टर म्हणाले."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कोण कापत होतं मग, असं विचारलं असतं लोकांनी."

त्या रात्री तिने रोसामेलला हात धरून सांगितलं की जाऊ नकोस. तो हसला नाही, चिडलाही नाही. उतरत्या चंद्राचे तीनच दिवस राहिले होते आणि अर्ध्या वस्तीचं लाकूड तोडायचं होतं. ते न जाऊन कसं चालेल, एवढंच म्हणाला. मग तिच्या समाधानासाठी एक खूण ठरवली. दर तासाला तो रिकामी मशीन तीनदा रेस करेल. तीन म्हणजे मी ठीक आहे.

सकाळी सात वाजता मशीन सुरू झाली. आठला तीन वेळा रेस. नोल्फाने देवाचे आभार मानले आणि चूल सारवायला घेतली. नऊला तीन. दहाला तीन. एर्सिरा लोकर घेऊन येऊन बसली होती. तीही मोजत होती. अकराच्या तीननंतर नोल्फाने बटाटे उकडत ठेवले. तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

मग लोकर पिंजता पिंजता एर्सिराची बोटं थांबली.

"तेल कधी भरतो गं हा?"

नोल्फाने तिच्याकडे पाहिलं. एक टाकी पाऊण तास चालते. बेलार्मिनोने सांगितलं होतं, चार दिवस तिने स्वतः ऐकलं होतं: पाऊण तास आवाज, मग विडीपुरती शांतता, मग पुन्हा आवाज. सकाळपासून शांतता झालीच नव्हती.

वर मशीन चालू होती.

"ताई, झाकण वाजव," नोल्फा म्हणाली आणि शाल गुंडाळून निघाली.

तेपूचं रान चालायचं रान नाही. खोडं एकमेकांत विणलेली, जमीन कमरेएवढ्या खोलीवर, माणूस ओल्या बुंध्यांवरून तोल सावरत जातो. पाठीमागे पातेल्यावर झाकण आदळत होतं. पुढे मशीन. नोल्फा दोनदा घसरली, गुडघा फुटला. ती जवळ जात होती तरी आवाज मोठा होत नव्हता. जेवढा खिडकीतून यायचा तेवढाच.

झऱ्यापाशी ती मोकळ्यावर आली आणि आवाज बंद झाला.

थरथरलासुद्धा नाही. नुसता नव्हता.

रोसामेल उताणा पडला होता. मांडीवर बुंधा. डोळे उघडे. मशीन दहा हातांवर चिखलात पडली होती. तिच्यावर पानं साचली होती. नोल्फाने ओलांडता ओलांडता ती हलवली. टाकी जवळजवळ भरलेलीच होती. कापलेले ओंडके तीन.

ती त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली.

"परत आलीस?" तो म्हणाला.

"परत कसली? आत्ता येतेय मी. किती वेळ झाला असा पडलास?"

"तुला माहीतच आहे की. सकाळीच आलीस ना तू." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "उशाशी बसलीस. म्हणालीस, ओरडू नकोस, माणसं निघालीत. म्हणून मी गप्प पडून राहिलो."

नोल्फाने त्याचं डोकं उचललं. खाली नेच्याच्या पानांची जुडी होती. नीट दुमडलेली, गवताच्या काडीने बांधलेली. त्याचे हात तिथवर पोचले असते, पण एवढं बांधायला पाठ उचलावी लागली असती.

तिने ती जुडी ओढून झऱ्यात फेकली.

सोफानोर आणि आणखी तिघं आले. सोफानोरने स्वतःच्या मशीनने बुंधा कापला. चिखलातल्या मशीनला कुणी हात लावला नाही. फांद्यांच्या डोलीतून त्याला उतरवताना नोल्फा त्याचा हात धरून शेजारून चालत होती, आणि तो मान वळवून सारखा वर बघत होता.

"ती का येत नाहीये?"

"कोण रे?" सोफानोरने विचारलं.

"नोल्फा."

"तापात आहे," सोफानोर तिला म्हणाला. "मनावर घेऊ नका, वहिनी."

कास्त्रोच्या दवाखान्यात पाच आठवडे गेले. पाय वाचला, गुडघा मात्र वाकेनासा झाला. ताप केव्हाच उतरला होता. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे. नोल्फानेही तसंच म्हटलं, सगळ्यांना, रोज. नवरा जिवंत घरी आला होता. औदिलियोसारखं झालं नव्हतं. तिने वेगळी मशीन निवडली, वेळेवर ओळखलं, वेळेवर पोचली. यापेक्षा माणूस आणखी काय करणार?

घरी तो चुलीशेजारी बसायचा. वाढेल ते खायचा, ताट उचलून द्यायचा, आभार मानायचा. वीस वर्षांत त्याने कधी आभार मानले नव्हते. रात्री पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायचा, परक्या घरी पाहुणा झोपतो तसा. मस्करी नाही, कुरकुर नाही. तिचा हात लागला की तो हळूच, वाईट वाटू नये अशा बेताने आपला हात काढून घ्यायचा.

एके दुपारी तिला सहन होईना. "अरे, मी आहे. नोल्फा. हे बघ." तिने मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग त्याच्यासमोर धरला. लग्नाच्या पहिल्या वर्षी, याच चुलीवर, त्याच्याच धक्क्याने उमटलेला.

त्याने तो नीट पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती.

"तिलाही आहे," तो म्हणाला.

वर मशीन चालू होती. तीच, थरथरती. ती चिखलातून आणायला कुणी गेलंच नव्हतं, आणि तिकडून जाऊन आलेला सोफानोर म्हणत होता ती तिथे आता नाहीये. खिडकी नोल्फाने खिळे मारून बंद केली होती. त्याने फरक पडत नव्हता.

जूनमधल्या एका मंगळवारी, तीन वाजायच्या सुमारास, ती थांबली.

रोसामेलने मान वर केली. किटली चुलीवर होती. त्याने स्वतः पेला भरला, चोखला, पुन्हा भरला. नोल्फा त्याच्यासमोर बसून राहिली. किटली रिकामी झाली तरी वरून आवाज आला नाही.

मग तो काठी टेकत उठला. तोंड धुतलं, पेटीतला चांगला सदरा घातला, केसांवरून कंगवा फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो आनंदात होता. ते पाहून नोल्फाच्या काळजात वेड्यासारखी आशा हलली.

"संपलं काम तिचं," तो म्हणाला. "उतरायला लागली असेल."

"रोसामेल."

तो वळला. त्याचा आवाज फार मऊ होता.

"तुम्ही खूप केलंत माझं, बाई. मी विसरणार नाही. पण तुमचीही कुणी वाट बघत असेल. अंधार पडायच्या आत निघा."

आणि त्याने खुंटीवरची तिची शाल काढली, झटकली, आणि तिच्यापुढे धरली.