डाव्या कानातली हाक

दार लोटून घ्या, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. उजेड डोळ्यांत गेला की ऐकण्यात लक्ष राहत नाही.

मी सांगतोय ती इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पाणीपुरवठा खात्यात आम्ही दोघं ड्राफ्ट्समन. कुठल्या गल्लीखालून कुठली पाइपलाइन जाते ते कागदावर उतरवायचं काम. या गड्याला आम्ही टाइमटेबल म्हणायचो. साधे केस कापायला जायचे असले तरी हा आदल्या दिवशी वेळ ठरवणार, आणि न्हावी उशिरा आला तर न्हाव्यालाच वेळेचं महत्त्व समजावणार.

त्याचे वडील संग्रहालयात शिपाई होते. तिथल्या पेंढा भरलेल्या वाघावरची धूळ त्यांनी चौतीस वर्षं झटकली. त्या वाघाचा एक काचेचा डोळा सैल होता, तो दर सहा महिन्यांनी तेच डिंकानं बसवायचे. जिवंत वाघ मात्र जन्मात पाहिला नव्हता. एकोणऐंशी वय, उजवा गुडघा गेलेला, डाव्या कानानं ठार बहिरे. एक दिवस जेवताना म्हणाले, "अरे, आता एकदा खरा दाखव. हलणारा."

झालं. टाइमटेबलला तेवढंच निमित्त हवं होतं. आठ दिवसांत जंगलाचा अख्खा कार्यक्रम तयार. शुक्रवारी निघायचं, रात्री जंगलाच्या काठच्या विश्रामगृहात मुक्काम. शनिवारी पहाटे पावणेपाचला जीप. उजाडताना तळं, तिथं पक्षी. मग कातळावरची जुनी चित्रं. त्या चित्रांच्या नकला बाबांच्या संग्रहालयात टांगलेल्या होत्या, म्हणून ती बघायचा बाबांचा हट्ट. हे सगळं त्यानं ड्रॉइंगच्या कागदावर आखलं होतं, तीन रंगांत. मुलगी म्हणाली, "बाबा, वाघाला पण वेळ दिलीय का?" तर हा गंभीरपणे म्हणाला, "सहा ते साडेसातच्या मध्ये."

बुकिंग झालं होतं. पण खालची खोली मिळेल का, पायऱ्या किती, जीप दाराशी येते का, हे कॉम्प्युटर सांगत नव्हता. बाबांच्या ट्रंकेत विश्रामगृहाचं एक जुनं माहितीपत्रक सापडलं. त्यावर फोन नंबर होता. दिवसभर लावला, लागला नाही. बायको म्हणाली, "रात्री बघा. दिवसा तिथं फोनजवळ कोण बसणार?"

नोव्हेंबरची नऊ तारीख. सोमवार. रात्रीच्या साडेदहाला सात मिनिटं कमी. बायको आणि मुलगी झोपलेल्या. बाबा पलीकडच्या खोलीत. हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, पेन्सिल घेऊन बसला आणि नंबर फिरवला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला."

"विश्रामगृह ना? चौकीदार बोलताय का?"

"बोला साहेब."

आवाज मऊ. वयस्कर. घाई नाही. टाइमटेबलला हायसं वाटलं. त्यानं खोल्यांचं विचारलं. खालची खोली मिळेल. पायऱ्या तीन. जीप दाराशी येते.

"आणि ती कातळावरची चित्रं? तिथपर्यंत जीप जाते?"

"नाही साहेब. शेवटचा अर्धा मैल चालायचं. गवतातून." जरा थांबून त्यानं विचारलं, "किती जण?"

"चौघं."

"वयं सांगा."

यानं सांगितली. स्वतःची, बायकोची, मुलीची, बाबांची. पलीकडे प्रत्येक वयानंतर नुसता हुंकार.

"चालताना मागं कोण राहतं?"

"वडील. त्यांचा गुडघा गेलाय."

"कुठला?"

"उजवा."

"मग उजवीकडं कलत असतील. कानांचं कसं आहे?"

"डाव्यानं काही ऐकू येत नाही."

"म्हणजे डावीकडून कुणी आलं तर त्यांना कळायचं नाही."

"नाही कळत," टाइमटेबल म्हणाला. त्याला वाटलं, माणूस किती काळजीवाहू आहे. आपल्यासारखाच. त्यानं कागदावर लिहिलंसुद्धा, 'चौकीदार चांगला.'

"हाक मारली तर थांबतात?"

"हो... थांबतात."

"दचकले तर ओरडतात का?"

पेन्सिल थांबली.

"हे कशाला विचारताय?"

फोनमध्ये गवताची सळसळ होती. जवळची. जणू फोन कुणी गवतातच ठेवलाय. मग पलीकडे एक खोकला. कोरडा, दोनदा, आणि शेवटी घसा साफ केल्याचा.

तो खोकला त्यानं ओळखला.

आणि मग... पलीकडच्या खोलीतून बाबा खोकले. कोरडं. दोनदा. घसा साफ केला.

आधी फोनमध्ये. मग घरात.

"साहेब, जरा हळू बोला," आवाज म्हणाला. "ते उठलेत."

त्यानं फोन टेबलावर टाकला आणि बाबांच्या खोलीत गेला. अंधारात बाबा पलंगावर उठून बसले होते.

"काय झालं बाबा?"

"कुणी हाक मारली रे?"

"कुणी नाही. झोपा."

"मारली." बाबांनी हात वर नेला आणि कानाला लावला. डाव्या कानाला. "इकडून आली. कित्येक वर्षांनी इकडून काहीतरी ऐकू आलं बघ."

म्हातारा खूश होता. हसत होता.

काय रे, नंबर पुन्हा लावून बघितला का म्हणतोस? त्यानं दुसऱ्या दिवशी तेच केलं. ऑफिसातून, माझ्यासमोर. मोबाइलमध्ये नोंद होती, एकोणीस मिनिटांचं बोलणं. तोच नंबर पुन्हा लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. मग बुकिंगवाल्यांना फोन केला. तिथली बाई म्हणाली, विश्रामगृहात फोन नाहीच, आणि पाहुणे नसले की रात्री तिथं माणूसही नसतो. नऊला सगळे कुलूप लावून गेटाबाहेर येतात. सोमवारी पाहुणे नव्हते.

टाइमटेबलनं तिथल्या तिथं सहल रद्द केली. घरी जाऊन थाप मारली की जंगल बंद झालंय. बायकोला रात्री खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला सगळं सांगितलंत?"

"सगळं."

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊ दे. पेंढ्याचा काय वाईट होता." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते बघून याचा जीव तुटला. मला म्हणाला, माझाच भ्रम असेल तर मी म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढला. मी म्हटलं, घरी आहेत ना, ठीक आहेत ना, मग झालं. असं मी म्हणालो. मला काय माहीत.

वीस तारखेचा शुक्रवार आला. त्या रात्री ते विश्रामगृहात असायचे होते. टाइमटेबलनं स्वतःची गादी बाबांच्या खोलीत टाकली. दाराला आतून कडी. खिडक्या बंद. दिवा चालू. बाबा म्हणाले, "मी काय लहान आहे?" पण मग मुलगा जवळ झोपतोय याचं त्यांना बरंही वाटलं असावं. जुन्या गोष्टी काढल्या. संग्रहालयात एकदा एका पोरानं वाघाच्या तोंडात हात घातला होता आणि तो अडकला होता, ते सांगून हसले. साडेअकराला झोपले.

हा जागा राहिला. उशीला टेकून, घड्याळ समोर.

दोन वाजले. तीन.

साडेतीनला रस्त्यावरून एक गाडी गेली.

चार.

चार चाळीसला त्यानं घड्याळ पाहिलं. हे त्याला पक्कं आठवतं. बाबा घोरत होते. कडी होती. आता पाच मिनिटं...

पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीत उजेड. दिवा चालूच. कडी जशीच्या तशी.

घोरणं थांबलं होतं.

डॉक्टर आले. म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच, त्रास झाला नसेल. वय झालं होतं. चेहरा कसा होता ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

डॉक्टर गेल्यावर बायकोनं बाबांच्या अंगावरचं पांघरूण काढलं. आणि तशीच उभी राहिली.

पायजम्याला कुसळं होती. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन्ही पायांना. उंच गवतात चालल्यावर चिकटतात ना, तशी. दवानं ओली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली आवारात सगळी फरशी, गवताची काडी नाही. बाबा तर दोन महिने जिनासुद्धा उतरले नव्हते.

ती पलंगाशी खाली बसली आणि एकेक कुसळ काढून वर्तमानपत्रावर ठेवत गेली. बराच वेळ. हा भिंतीला टेकून उभा होता. शेवटचं कुसळ निघालं. काहीतरी सांगायला तिनं मान वर केली.

नजर अर्ध्यावरच अडली.

ती त्याच्या पायांकडे बघत होती.

त्यानं खाली पाहिलं.

त्याच्या पायजम्यालाही होती. गुडघ्यापर्यंत.