अकरावी खेळाडू

"अरे, हा हात कुणाचा?" भिंतीवरच्या फोटोला नाक चिकटवून प्रोफेसर ओरडला.

सुट्टीचा चौथा दिवस. टिटवी, तिचा धाकटा भाऊ बारक्या आणि शेजारचा जाड चष्म्याचा प्रोफेसर ऊन चुकवायला क्रिकेट क्लबच्या हॉलमध्ये शिरले होते. फोटो होता क्लबच्या बायकांच्या संघाचा, बायकांचा पहिला विश्वचषक झाला त्याच वर्षी राज्याच्या स्पर्धेत खेळलेल्या. पुरुषांच्या विश्वचषकाच्याही दोन वर्षं आधीचा! तेव्हा साठ-साठ षटकांचे सामने असत.

बारक्याने बोटांवर मोजलं. "दहाच आहेत!"

कडेच्या बाईच्या खांद्यावर मात्र एक हात होता. नुसता हात! मनगटापुढे थेट फ्रेमची पट्टी.

टिटवी पुढे सरकून त्या हाताकडे बघू लागली. तिची मावशीआजी, म्हणजे आजीची बहीण, नेहमी सांगायची, "त्या संघाची यष्टिरक्षक मी होते गं!" मागच्या वर्षी टिटवीच तिला हौसेने इथे घेऊन आली होती.

"मग फोटोत कुठेयस? थापाडी!" टिटवी हसत म्हणाली होती.

मावशीआजी तशीच मागे फिरली. त्यानंतर क्रिकेटचं नाव तिने काढलं नाही. दोन महिन्यांपूर्वी ती गेली.

"काका, हा फोटो जरा खाली काढता?" टिटवी क्लबच्या सेक्रेटरीकाकांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

"हात लावायचा नाही! पळा!" सेक्रेटरीकाका पेपरातून मान वर न करता खेकसले.

प्रोफेसरने डोळा मिचकावला. "चला रे! हॉलभर वाळवी पसरली, की कळेल काकांना!"

"वाळवी? कुठे?" काका ताडकन उठले.

"फ्रेमच्या मागे बघितलंत कधी?"

काकांनी स्वतःच फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा उचकटला. वाळवी कसली! पण फोटोची एक कड मागे दुमडलेली होती. टिटवीने ती अलगद उलगडली. पायाला पॅड बांधलेली विशीतली मावशीआजी तोंडभर हसत होती.

"फ्रेम लहान पडली होती," काका पुटपुटले. "म्हटलं, एकीचाच तर प्रश्न आहे... चुकलंच माझं."

रविवारी मोठी फ्रेम लागली. खाली अकरा नावं. संघाची म्हातारी कप्तान काठी टेकत आली. "शाब्बास पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत!" टाळ्या कडाडल्या. बारक्या तर फुगून टम्म झाला.

टिटवीने मान वर केली नाही. "मी तिला थापाडी म्हणाले होते," ती कप्तानला हळूच म्हणाली.

कप्तानने तिचा हात घट्ट धरला.

"ती... चांगली खेळायची?" टिटवीने विचारलं.

"चांगली? अख्ख्या स्पर्धेत एक झेल सोडला नाही पोरीने!"

आणि भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, टिटवी हुंदके देऊन रडू लागली.