कुठेच न लागणारी किल्ली

बसा. दिवा मालवू नका, असू दे. आणि मी हे सांगितलं म्हणून मामीला सांगू नका. तिचं म्हणणं, नवं घर घेणाऱ्यांना असलं काही ऐकवू नये. पण उद्या अकरा वाजता तुम्ही दोघं किल्ल्या आणायला जाणार. म्हणजे सांगायचं तर आजच.

छप्पर तुम्ही पाहिलंत, नळ पाहिलेत, वायरिंग तर मीच तपासलं. आता एवढंच करा. दलाल जुडगा हातात ठेवेल तेव्हा एकेक किल्ली धरून विचारा, ही कुठली? त्याला माहीत नसेल तर ज्याला माहीत असेल त्याला गाठा. हसतोस काय? मी आणि माझा एक दोस्त असेच एका सकाळी किल्ल्या आणायला गेलो होतो. आम्हीही हसलोच होतो.

हा दोस्त पडदे बसवायचा. मी भिंतीत वायर घालायचो, तो खिडक्या झाकायचा. अशीच आमची ओळख झाली. कमरेला सदा मोजपट्टी, म्हणून त्याचं नाव आम्ही फूटपट्टी पाडलं होतं. कपात चमचा किती बुडतो तेही मोजेल असा माणूस. बायको आणि मुलगी दूर माहेरी. सहा वर्षं हा भाड्याच्या खोल्या बदलत एकटा राहिला, आणि शेवटी रो-हाउस घेतलं. रांगेतलं चौथं घर. डिसेंबरअखेर दोघींना आणायचं ठरलं होतं. मुलीच्या खोलीचे पडदे त्यानं किल्ली मिळायच्या आधीच शिवून ठेवले होते.

ती गल्ली म्हणजे बारा गावचं पाणी. प्रत्येक दाराआड वेगळी भाषा. कोपऱ्यावरचा दुकानदार सात भाषांत ‘सुट्टे नाहीत’ म्हणायचा, त्यापुढे त्याला एकही धड यायची नाही. समोर एक नर्स राहायची, तिची रात्रपाळी. तिसऱ्या घरात एक म्हातारा, एकटा, डोक्यावर कायम तपकिरी लोकरी टोपी. लोक एकमेकांना बघून मान हलवायचे आणि आपापलं दार लावून घ्यायचे. वाईट कुणी नव्हतं. पण बोलणार कशात?

घर विकणारी म्हातारी तिच्या लेकाकडे कायमची निघून गेली होती. दलालानं जुडगा दिला. चार किल्ल्या. पुढचं दार, मागचं दार, मीटरची पेटी. चौथीला हिरवा दोरा बांधलेला, आणि ती कुठेच लागेना. फूटपट्टीनं घरातलं प्रत्येक कुलूप करून पाहिलं. दलाल म्हणाला, “असेल जुनी कुठलीतरी, टाकून द्या.” हा टाकणारा नव्हे. दाराशेजारी एक खिळा होता, त्यावर अडकवून ठेवली.

पहिल्याच रात्री, बरोबर दहा वाजता, तिसऱ्या घराच्या बाजूनं भिंतीवर तीन ठोके पडले.

टक. टक. टक.

दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्रीही. बरोबर दहाला. चौथ्या दिवशी काम करता करता त्यानं मला विचारलं, “अरे, तो टोपीवाला भिंत ठोकतो. काय असेल रे?”

आता ऐका. हे मी बोललोय, दुसऱ्या कुणी नाही. मी म्हणालो, “आवाजाची तक्रार असणार, दुसरं काय? तू टीव्ही लावतोस, फोनवर मोठ्यानं बोलतोस. नवा आहेस बाबा. वस्तीत शिरलेल्या माणसानं मान खाली घालून राहावं. उद्या बायको-पोर यायचीत, आत्तापासून वाकडेपणा नको.”

त्याला ते पटलं. टीव्ही बंद झाला. घरात तो अनवाणी चालू लागला. खुर्चीच्या पायांना त्यानं पडद्याचं कापड बांधलं. बायकोशी बोलायचा तो पांघरुणात शिरून. ती म्हणायची, “अहो, नीट बोला ना, काहीच ऐकू येत नाही.” हा म्हणायचा, “भिंती पातळ आहेत गं.” मग फोनही आठवड्यातून एकदाच होऊ लागला. स्वतःच्या घरात माणूस चोरासारखा राहत होता, आणि मला वाटत होतं, आपण शहाणपणाचा सल्ला दिलाय.

ठोके काही थांबेनात.

एकदा सकाळी पायरीवर दोघं समोरासमोर आले. म्हाताऱ्यानं भिंतीकडे बोट दाखवलं, हवेत तीनदा ठोकल्यासारखं केलं आणि हसला. मग फूटपट्टीकडे बोट करून पुन्हा तीनदा ठोकल्यासारखं केलं. फूटपट्टीला वाटलं, दटावतोय. त्यानं मान खाली घातली. “सॉरी, सॉरी.” म्हाताऱ्याचं हसू उतरलं. तो आत गेला.

हे मला फूटपट्टीनं त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सवयीप्रमाणे त्यानं ठोक्यांचंही माप घेतलं होतं. भिंतीला कान लावून, पट्टी धरून. जमिनीपासून सव्वाचार फूट. उभ्या माणसाच्या हाताची उंची. पेन्सिलीनं तिथे बारीक खूण केली होती.

नोव्हेंबरची वीस तारीख. गुरुवार. त्या रात्री दहाचे ठोके आले नाहीत. ते आले पावणेबाराला. आणि खालून आले.

त्यानं पट्टी लावली. नऊ इंच.

अंथरुणावर बसून तो ऐकत राहिला. ठोके हळू होते. मध्ये मध्ये थांबत होते. त्याला वाटलं, आता मुद्दाम रात्रभर छळायला लागला. आपण काय केलं असं? श्वाससुद्धा त्यानं जपून घेतला. पाणी प्यायला उठला नाही, ग्लासचा आवाज होईल म्हणून.

शुक्रवारी पुन्हा खालून. एकच ठोका. बऱ्याच वेळानं अजून एक.

शनिवारी काही नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला त्याचा मला फोन आला. आवाज किती दिवसांनी मोकळा होता. “आज ठोकलं नाही रे त्यानं. मला वाटतं, घेतलं त्यांनी मला आपल्यात.”

मी म्हणालो, “चल, सुटलास.”

मंगळवारी सकाळी समोरच्या नर्सनं तिसऱ्या घराची भरून वाहणारी टपालपेटी पाहिली. पोलीस बोलावले. मी त्या वेळी फूटपट्टीकडेच होतो, दिव्याचं बटण बदलत. नर्स थेट त्याच्या दारात आली आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, “किल्ली. त्यांची किल्ली तुझ्याकडे.”

हा म्हणाला, “माझ्याकडे कशी असेल?”

तिनं दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

हिरव्या दोऱ्याची किल्ली तिसऱ्या घराला पहिल्याच फेऱ्यात लागली.

म्हातारा भिंतीशी पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं. उजवा हात भिंतीला टेकलेला, आणि बोटांच्या सांध्यांची कातडी सोललेली. टोपी बाजूला पडली होती. गुरुवारी रात्री पडला असावा, शुक्रवारी रात्रीपर्यंत जिवंत होता असं डॉक्टर म्हणाले.

नर्स पायरीवर बसून रडली. मग तिनं खुणांनी, तुटक शब्दांनी सांगितलं. म्हातारा आणि घर विकणारी म्हातारी, दोघंही एकटी. एकमेकांची भाषा एका शब्दानंही येत नव्हती. पण अकरा वर्षं रोज रात्री दहाला तो तीन ठोके मारायचा, ती तीन मारायची. मी आहे. मीही आहे. बस, एवढंच. आणि उत्तर आलं नाही तर दार उघडून बघायला दोघांनी एकमेकांकडे किल्ली दिलेली. जाताना म्हातारीनं त्याची किल्ली जुडग्यात तशीच ठेवली. तिला वाटलं, दलाल सांगेल. नर्सला वाटलं, म्हातारीनं सांगितलं असेल. खरेदीखतात गटाराची दिशासुद्धा लिहिली होती, पण हे लिहिणार कोण?

म्हातारा तक्रार करत नव्हता. सव्वा महिना रोज रात्री तो नव्या माणसाला विचारत होता, बरा आहेस ना?

फूटपट्टीनं माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही रे.

पोलिसांनी किल्ली माझ्यासमोर पाकिटात घातली. पाकीट चिकटवलं. वर सही केली. तिसऱ्या घराला नवं कुलूप लावलं, सील ठोकलं आणि पाकीट घेऊन गेले. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. लक्षात ठेवा.

बुधवारी रात्री सव्वादहाला त्याचा फोन आला. “ठोकतोय रे.”

मी म्हणालो, “तुझ्या मनाचे खेळ आहेत.”

“सव्वाचार फुटांवर,” तो म्हणाला. फोन ठेवला.

गुरुवारी मी गेलो. सत्तावीस नोव्हेंबर. थंडी मरणाची होती, आणि त्यानं हीटर बंद ठेवला होता. का, तर घरघरीत काही ऐकायचं राहून जायला नको. आम्ही दोघं कोट घालून भिंतीसमोर बसलो. मध्ये त्याचं घड्याळ. मी सील बघून आलो होतो. जसंच्या तसं होतं.

दहाला पाच कमी.

दहाला दोन...

गल्लीत एक गाडी गेली. मग काहीच नाही.

टक. टक. टक.

मी ऐकलं. त्यानं नव्हे, मी. मी विजेचा माणूस, भिंतीतल्या प्रत्येक पाइपाचा आवाज मला कळतो. हा पाइप नव्हता. पेन्सिलीच्या खुणेमागेच. हाडाचा आवाज. बोटाच्या हाडाचा.

फूटपट्टी उठला. मी त्याचा हात धरला. “नको,” म्हणालो. दुसऱ्यांदा मी त्याला अडवत होतो.

त्यानं माझा हात बाजूला केला. भिंतीपाशी गेला. हात वर केला... तसाच थांबला.

मग ठोकलं. टक. टक. टक.

“मी आहे बाबा,” तो म्हणाला. आमच्या भाषेत. मोठ्यानं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं.

पलीकडे...

शांतता.

बराच वेळ. आम्ही दोघं कान देऊन. मग भिंतीच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी लांब श्वास सोडला. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला बसायला मिळालं की सोडतो, तसा.

पुन्हा ठोका आला नाही. त्या रात्रीही नाही, नंतरही नाही.

दार आतून बंद होतं, कडी मीच लावली होती. आम्ही झोपलो नाही, त्या खोलीतून हललोही नाही. उजाडल्यावर मी निघालो. कडी काढायला हात पुढे केला आणि शेजारच्या खिळ्याकडे लक्ष गेलं.

हिरव्या दोऱ्याची किल्ली.

मी फूटपट्टीला हाक मारली नाही. आधी तिला बोट लावून पाहिलं. दाराची कडी थंडीनं चटका देत होती. भिंत गार, खिळा गार.

किल्ली गरम होती. कुणीतरी रात्रभर मुठीत धरून ठेवल्यासारखी.