सुरुवातीचा श्वास

या, बसा. कोट अंगातच राहू द्या, हीटर बिघडलाय. व्हायोला त्या भिंतीला टेकवू नका, तिथे ओल येते. तुमचं वाजवणं मी ऐकलंय आणि तुम्हाला घ्यायचं हे जवळजवळ ठरलंय. पण हो म्हणण्याआधी तुमच्या आधीचा व्हायोलावाला का गेला ते ऐकून घ्या. बाहेर लोक वाट्टेल ते सांगतात, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

क्वार्टेटला हात हलवून सुरुवात करून देणारा कुणी समोर उभा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! पहिलं व्हायोलिन श्वास घेतं आणि त्या श्वासावर बाकीचे तिघे सुरू होतात. आमचं पहिलं व्हायोलिन म्हणजे माझा दादा. दुसऱ्यावर आमचे हे, चेलोवर मी. व्हायोलावाला बाहेरचा, पण उभी हयात आमच्यात काढलेला. दादाचं नाक लहानपणी चेंडू लागून मोडलं होतं, त्यामुळे त्याच्या श्वासाला शेवटी एक बारीकशी शीळ असायची. आयुष्यभर आम्ही त्या शिळेवर सुरू झालो. आमचं नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं असो, नाहीतर समोर निम्मं सभागृह रिकामं असो, शीळ आली की तिन्ही गज तारेवर. डोक्याला काही विचारावंच लागायचं नाही.

मग दादा गेला. तालीम संपवून खाली उतरताना याच जिन्यात जरा टेकला, तो उठलाच नाही.

त्याच्या जागी त्याचीच शिष्या आली. मोठ्या ऑर्केस्ट्रातली पक्की नोकरी सोडून आली होती पोरगी. घरी आई एकटी. त्या माउलीनं मला फोन केला, "ताई, तिला दमा आहे हो. जरा सांभाळून घ्या." आणि आमची खोली ही अशी, सगळ्यात वर. पोरगी धापा टाकत यायची आणि धापा टाकतच बडबड सुरू. गोड पोर. तिला एकच हवं होतं, दादाची खुर्ची. एक रेकॉर्डिंग तोंडावर होतं; ते जमलं तर खुर्ची कायमची तिची, नाही तर आम्ही क्वार्टेटच मोडणार, असं ठरलं होतं.

पण जमेचना. दरवेळी आम्ही तिघे आधी सुरू व्हायचो आणि ती मागे राहायची.

"काकू, माझ्या आधी का सुरू होता तुम्ही?"

"आधी कुठे? तू श्वास घेतलास की."

"मी नाही घेतला..."

आमचे हे म्हणाले, सवय आहे, जाईल. व्हायोलावाला नुसता गज पुसत बसला.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. भर दुपार, पण स्टुडिओच्या त्या खोलीला खिडकीच नव्हती. जाड दारं, जुन्या गालिच्याचा कुबट वास आणि इतकी शांतता की कानच गुणगुणायला लागावेत. प्रत्येकापुढे एक माईक. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. त्यानं आम्हाला दोन-तीनदा थांबवलं.

"सुरुवातीला नाक कोण वाजवतंय?"

कुणीच नाही, म्हटलं.

"बरं. सगळे श्वास रोखून नुसते बसा बघू."

बसलो. जरा वेळानं तो स्वतःच बाहेर आला. हेडफोन गळ्यात, आणि चेहरा पार उतरलेला.

"पहिल्या व्हायोलिनच्या माईकमध्ये एक श्वास येतोय... शीळ आहे त्याला. आणि मॅडम, तो आत घेतलेला ऐकू येतो. सोडलेला येत नाही."

पोरगी पांढरीफटक पडली. "सर आहेत," म्हणाली. "काकू, तुम्ही सांगा ना त्यांना... की आता मी आहे इथे."

"उठा सगळे," व्हायोलावाला म्हणाला. "आज नको."

मी नाही उठले. दादाला मी जन्मापासून ओळखते. जिवंतपणी तो कुणासाठी खुर्चीतून हलला नाही, तो आता काय हलणार! पोरीलाच म्हटलं, "तू घेऊ नकोस श्वास. त्याला घेऊ दे. तू त्याच्या श्वासावर ये."

"पूर्ण वाजवून होईपर्यंत?"

"पूर्ण."

तिनं मग मान हलवली आणि व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

शीळ आली. चौघं एकदम सुरू झालो. काय वाजलं म्हणून सांगू! दादा असताना नव्हतं असं वाजलं कधी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही रडूबाई नाही.

रेकॉर्डिंगवाल्यानं ते पुनःपुन्हा ऐकलं. मग मला एकटीला आत बोलावलं.

"श्वास चारच आहेत आता," म्हणाला.

"माणसं चार, श्वास चार. मग झालं तर!"

"त्यातला एक शिळेचा आहे, मॅडम."

मागे व्हायोलावाला उभा होता. त्यानं ऐकलं, पेटी उचलली आणि गेला. निरोपसुद्धा घेतला नाही.

पोरगी कायम झाली. रेकॉर्ड गाजली, बोलावणी येताहेत, म्हणून तर तुम्ही हवे आहात. तिचा दमाही गेला. आई आधी खूश होती, औषध सुटलं म्हणून. परवा मात्र आईचा फोन आला. "ताई, पोर सुट्टीला आली होती. झोपली की मी उशाशी बसून कान देते, लहानपणापासूनची सवय. दम्याच्या पोरांच्या आया तशाच. यंदाही बसले... ऐकत बसले..." पुढे त्यांना बोलवेना. मीही विचारलं नाही. कार्यक्रम आहेत, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मला नीट झोप नाही, हे खरं.

ही बघा, जिन्यात पावलं वाजली. तीच. आता धावत येते वर, बोलत बोलत. दार तुम्हीच उघडा. हसेल, हात पुढे करेल, तो थोडा गार लागेल, आणि मग तिची बडबड सुरू होईल. खोली थंड आहे, तुमच्या-माझ्या तोंडातून वाफ निघतेय बघा. ती बोलायला लागली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. पोरीला वाईट वाटतं.